दोन्ही हात केसांत, मग ब्रश कोणाच्या हातात?

चरईकरीण:

नमस्कार मंडळी. तैलरंगात काम करणाऱ्यांसाठी प्रश्न आहे.

मी बँकेत नोकरी करते आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी पाचपाखाडीत एका सरांकडे ऑइल शिकायला जाते. सध्याचा गृहपाठ असा: एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या चित्रकाराने स्वतःचं केलेलं तैलचित्र निवडायचं, आधी त्याची नक्कल करायची, मग त्याच पोजमध्ये स्वतःला रंगवायचं. दुसरा भाग आरशात बघूनच. मोबाइलला हात लावायचा नाही.

क्लासमधल्या बहुतेकांनी व्हॅन गॉग उचलला. मी फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बेचं 'हताश माणूस' घेतलं. १८४३ ते १८४५ च्या दरम्यानचं, कॅनव्हासवर तैलरंग, ४५ बाय ५४ सेंटीमीटर. तेव्हा तो पंचविशीच्या आसपासचा होता. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते: ढगळ पांढरा सदरा घातलेला तरुण, डोळे विस्फारलेले, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे केस धरलेत. चेहरा इतका जवळ की कोपरं चौकटीला टेकतात की काय असं वाटावं. मुळात माणसाचं चित्र आणि कॅनव्हास आडवा, हेच मला आवडलं होतं.

नक्कल बऱ्यापैकी उतरली. सर नुसतं "हं" म्हणाले, जे त्यांच्याकडून पुष्कळ झालं. घोळ आहे तो पुढच्या भागात. बेडरूममधल्या कपाटाच्या आरशासमोर स्टूल टाकून बसले, दोन्ही हात केसांत घातले, डोळे मोठे केले आणि तेव्हा लक्षात आलं की आता ब्रश धरणार कोण? डावा हात केसांत ठेवून उजव्याने रंगवावं तर अर्धीच पोज होते. उजवा केसांत घालायचा आणि तो कसा दिसतो हे डोक्यात ठेवून मग खाली आणून रंगवायचं म्हटलं, तर ईझलकडे वळेपर्यंत डोक्यातलं चित्र पुसलं जातं. त्यात नवरा दारातून डोकावून "डोकं दुखतंय का, बाम देऊ?" म्हणाला. सासूबाईंचं वेगळंच. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून आरशासमोर काय बसलीस, म्हणून.

तर प्रश्न हा की कूर्बेने हे कसं केलं असेल? कॅमेरा तर नव्हता ना तेव्हा? आणि मी कसं करू? जागा म्हणाल तर जुन्या बिल्डिंगमधली बेडरूम, एकच खिडकी, आणि त्या खिडकीसमोर आता बावीस मजली टॉवर उभा आहे.

खोपट_एक्सप्रेस:

ताई, सरांना कोण सांगायला जातंय? टायमर लावा, दोन्ही हात केसांत घाला, खटॅक. पाच मिनिटांचं काम. कूर्बे आज असता तर त्याने सेल्फीच काढला असता.

नेरूळचा पेन्शनर:

खोपटराव, ताईंना घाईघाईने बिघडवू नका.

माझी ओळख थोडक्यात: जे.जे.मधून जी.डी. आर्ट, नंतर तीसेक वर्षं जाहिरातीच्या धंद्यात, आता नेरूळला गॅलरीत ईझल लावून बसतो. पोर्ट्रेटची कामं केलीत, त्यातली बरीचशी लोकांच्या वडिलांची, पासपोर्ट फोटोवरून. त्यामुळे फोटोवरून करू नका हे मी सोवळ्यात राहून सांगत नाही. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. शिवाय हल्लीचे मोबाइल सावलीतला भाग आपणहून उजळून देतात. कूर्बेच्या चित्रात तर निम्मी मजा सावलीत आहे. तीच गेली तर रंगवायला उरलं काय?

आता त्याचं. कॅमेरा नव्हता असं नाही. दागेरची धातूच्या पत्र्यावर फोटो काढायची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली, आणि कूर्बे त्याच वर्षाच्या शेवटी ओर्नां या आपल्या गावाकडून पॅरिसला आला. बापाला मुलगा वकील व्हायला हवा होता. मुलगा लूव्रमध्ये जुन्या उस्तादांच्या नकला करत बसला. पण सुरुवातीला त्या पत्र्यावर चित्र उमटायला मिनिटामिनिटांचा वेळ लागायचा. डोळे फाडून, केस धरून तेवढा वेळ बसून दाखवा. तेव्हा कॅमेऱ्याचा विचार सोडा. हे आरशाचं आणि पाठांतराचं काम आहे.

पाठांतर म्हणालो ते मुद्दाम. त्या काळचा चित्रकार प्लास्टरचे पुतळे बघून हात, पाय, नाक, कान इतके घोटायचा की पंजा कुठल्याही कोनातून मनाने काढता यायचा. आम्हालाही जे.जे.ला अँटिकच्या वर्गात तेच. कंटाळा यायचा, पण मनगट कसं वळतं ते बोटांत बसायचं. त्यात फ्रान्सच्या अकादमीत भाव दाखवणारं नुसतं डोकं रंगवायची स्पर्धाच असे, अठराव्या शतकापासून. भीती, आश्चर्य, वेदना, विषय द्यायचे आणि डोकं करायचं. कूर्बे अकादमीला शिव्या घालणारा गडी, पण हे चित्र बघताना ती स्पर्धा आठवतेच.

चित्रात एक माणूस एका क्षणी केस धरून उभा आहे असं आपल्याला दिसतं. तसा क्षण स्टुडिओत कधीच आलेला नसतो. डोळे एका दिवशी, सदरा दुसऱ्या दिवशी, एक हात एकदा, दुसरा हात नंतर. डोळ्यांपुरता आरसा पक्का हवा, कारण आरशात बघताना नजर आपोआप समोर रोखलेली येते. बाकी सगळं जमवाजमव. सदरा खुंटीला टांगूनही रंगवता येतो.

तुमच्या दोन हातांचं आता सांगतो. ही माझी युक्ती आहे, कूर्बेच्या नावावर खपवू नका.

साध्या आरशात तुमचा डावा हात डाव्या बाजूलाच दिसतो. उजव्या हातात ब्रश घ्या, डावा केसांत घाला, आणि चित्राची डावी बाजू पुरी करा. पुढे दुसरा आरसा आणा. पहिल्याला काटकोनात, कडेला कड चिकटवून उभा करा आणि त्या सांध्याकडे बघा. तिथे तुम्ही उलट्या न दिसता सरळ दिसाल, म्हणजे लोकांना दिसता तशा. आता तोच डावा हात उजव्या बाजूला दिसेल. चित्राची उजवी बाजू त्यावरून करा. ब्रश पूर्ण वेळ उजव्या हातातच. एक हात दोन भूमिका करतो, एवढंच.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. एक, उजेडाची बाजू. साध्या आरशात डावीकडचा उजेड डावीकडेच राहतो. काटकोनी आरशात तो उजवीकडे जाईल. त्यामुळे दुसऱ्या हाताच्या वेळी दिवा उचलून पलीकडे ठेवावा लागेल, नाहीतर चित्रात दोन सूर्य. दोन, दोन्ही हात हुबेहूब सारखे वळवू नका. कूर्बेचे नाहीत. एक डोक्यावर चढलाय, दुसरा बाजूने आलाय.

आणि मापाचं एक. आरशाच्या काचेवर साबणाच्या वडीने स्वतःच्या चेहऱ्याची बाह्यरेषा काढून बघा, एक डोळा मिटून. ती खऱ्या डोक्याच्या बरोबर निम्मी भरेल. मागे सरका, पुढे या, निम्मीच. नवशिक्यांचं डोकं कॅनव्हासवर लहान पडतं ते त्यामुळे. काचेवर दिसतं तेच माप धरतात. पट्टीने स्वतःचं डोकं मोजा, हनुवटीपासून टाळूपर्यंत, आणि आधी कॅनव्हासवर त्या खुणा करा.

बाम घ्या मात्र. मानेला लागेल.

पावडरवाला:

मी चित्रकार नाही, रंगभूषा करतो. गडकरीला, घाणेकरला प्रयोग असला की मेकअप रूममध्ये असतो. त्यामुळे आरशासमोर बसलेली माणसं जन्मभर पाहिलीत.

पेन्शनर काकांनी हातांचं सांगितलं, मी चेहऱ्याचं सांगतो. ताई, डोळे विस्फारून बसून राहू नका. काही सेकंदांत डोळे कोरडे पडतात, मग पाणी येतं, मग पापणी अर्धी खाली येते आणि तुम्हाला कळतही नाही. तुम्ही रंगवाल ते झोप आलेल्या बाईचे डोळे. कपाळाचंही तसंच. भुवया वर ताणून धरल्या की थोड्या वेळाने कपाळ थकतं आणि आठ्या उरतात, भाव जातो.

नट काय करतो? मुद्रा घेतो आणि सोडतो. घ्यायची, बघायची, सोडायची. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बघायची. आत्ता फक्त वरची पापणी बुबुळाच्या किती वर गेली तेवढंच. पुढच्या वेळी फक्त नाकपुडी. सगळा चेहरा एकदम बघायला गेलात तर हसू येईल. मोठमोठ्यांना येतं.

अजून एक, तोंडाकडे लक्ष द्या. नवीन नट घाबरल्याचं दाखवताना तोंड आ वासतो. कूर्बेचे ओठ जेमतेम उघडे आहेत, मी आत्ताच मोठं करून पाहिलं. म्हणून तो किंचाळत नाहीये, श्वास अडकलाय त्याचा. हे ज्याला कळतं त्याने आरशासमोर बराच रियाज केलेला असतो.

केसांतल्या हातासाठी वाटल्यास केसांचा टोप आणि स्टँड देतो. हातमोज्यात कापूस भरून अडकवता येईल.

नेरूळचा पेन्शनर:

पावडरवाले, पापणीचं बोललात ते लाख मोलाचं. हातमोजा मात्र नको. त्याला हाडं नसतात. बोटं केसांत बुडालेली आहेत, म्हणजे निम्मं काम केसांनी झाकलं. दिसतं काय तर पंजाची पाठ, बोटांची मुळं आणि मनगट. तिथेच हाडं लागतात. फारच अडलं तर घरातल्या कोणाचा तरी हात वापरा. त्या टोपाचं मात्र करा काहीतरी, कल्पना वाईट नाही.

घोडबंदर_बारावा_मजला:

सगळे कौतुक करताहेत म्हणून जरा उलट बोलतो. मला हे चित्र नाटकी वाटतं. हताश माणूस असा असतो का? हताश माणूस सकाळी सातच्या फास्टमध्ये उभा असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नसतं. इथे पंचविशीतला देखणा पोरगा आरशासमोर केस पिंजारून बसलाय. त्यापेक्षा कानाला पट्टी बांधलेला व्हॅन गॉग खरा. त्याने जे झालं ते रंगवलं.

नेरूळचा पेन्शनर:

नाटकी आहेच. मी कुठे नाही म्हणतोय? पण मग व्हॅन गॉगलाही सोडू नका. ते चित्र जानेवारी १८८९ चं, लंडनला कोर्टोल्ड गॅलरीत आहे. स्वतःचा कान कापला तो डावा, आणि चित्रात पट्टी दिसते उजव्या कानावर, कारण तोही आरशात बघून करत होता. मागे ईझल आहे, भिंतीवर जपानी छापचित्र आहे. ते आपोआप आलं का मागे? माणसाने विचार करून मांडलंय की मी अजून चित्रकार आहे, बघा. आदल्या वर्षी त्याने भावाला लिहिलं होतं की मॉडेल मिळत नाही म्हणून मुद्दाम चांगला आरसा विकत घेतला. आरसा विकत घेतला की नाटक आलंच, मग ते कितीही खरं असो.

कूर्बेचं नाटक कळायला त्याचं दुसरं एक चित्र बघा, 'जखमी माणूस', पॅरिसला ओर्से संग्रहालयात आहे. झाडाला टेकून पडलेला तरुण, छातीवर रक्त, बाजूला तलवार. हाही तोच. त्याचा क्ष-किरण फोटो काढला तेव्हा खाली काय निघालं? त्याच्या खांद्यावर डोकं टेकलेली एक बाई. प्रेमाचं चित्र होतं ते. बाई आयुष्यातून गेली, तेव्हा याने तिच्यावर रंग चढवला, तिथे तलवार आणली आणि स्वतःला जखम केली. १८४४ ला सुरू केलेलं चित्र १८५४ पर्यंत चाललं. आता मला सांगा, हे खोटं म्हणायचं का? तलवार खोटी, रक्त खोटं, आणि तरी.

त्याच १८५४ साली ब्रुयास नावाच्या त्याच्या आश्रयदात्याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मनाची स्थिती बदलत गेली तशी मी स्वतःची चित्रं करत गेलो, थोडक्यात आत्मचरित्रच लिहिलं. कुत्र्याबरोबरचा, पाइप ओढणारा, जखमी, हताश. पोरगा एकेक अंगरखा चढवून बघत होता.

आणि घोडबंदरराव, तुमच्या फास्टमधल्या माणसाचा मुद्दा मला पटतो, म्हणूनच पुढचं सांगतो. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून म्हणजे पॅरिसकरांचा सरकारविरुद्ध उठाव झाला, कूर्बे त्यात होता. व्हांदोम चौकातला विजयस्तंभ पाडल्याचं खापर त्याच्यावर फुटलं, सहा महिन्यांची कैद झाली. पुढे तो स्तंभ पुन्हा उभारायचा खर्च त्याच्याच माथी मारला, तीन लाख तेवीस हजार फ्रँकच्या वर. १८७३ ला स्वित्झर्लंडला पळाला. वर्षाला दहा हजारांचा हप्ता ठरला, आणि पहिला हप्ता भरायच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर १८७७ ला मेला. वय ५८.

आता हताश व्हायचं तर तेव्हा व्हायला हवं होतं ना? तुरुंगातला स्वतः त्याने रंगवलाय, सेंत-पेलाजी तुरुंगाच्या कोठडीतला, ओर्नांच्या संग्रहालयात आहे ते चित्र. काय करतोय त्यात? खिडकीशी बसलाय, गळ्यात लाल रुमाल, तोंडात पाइप, बाहेर बघतोय. शांत. वर गंमत म्हणजे स्वतःला बारीक आणि तरुण केलंय, प्रत्यक्षात तेव्हा पोट सुटलेलं होतं आणि तब्येत ढासळलेली. काहीच झालं नव्हतं तेव्हा केस उपटले, आणि सगळं गेलं तेव्हा पाइप ओढत बसला. दोन्ही वेळा नाटकच. मला विचाराल तर तुरुंगातलं जास्त अवघड.

आणि ते केस धरलेलं चित्र त्याने विकलं नाही. स्वित्झर्लंडच्या स्टुडिओतही ते त्याच्याजवळ होतं.

घोडबंदर_बारावा_मजला:

तुरुंगातलं आत्ता शोधून पाहिलं. हा माझ्या फास्टमधला माणूस आहे. फरक इतकाच की याला खिडकी मिळालीय.

'हताश' बद्दल मत अर्धंच बदललं. अजूनही सदरा जास्त स्वच्छ वाटतो.

चरईकरीण:

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. एकेक करते.

पेन्शनर काका, साबणाने रेषा काढून पाहिली. निम्मीच भरली. मुलाला बोलावून दाखवलं, तो बारावीला आहे, त्याने लगेच कागदावर दोन त्रिकोण काढून सिद्ध करून दिलं आणि "हे तर सोपं आहे" म्हणून निघून गेला. माझं कॅनव्हासवरचं डोकं लहानच होतं. पुसलं, आता खुणा करून घेतल्यात.

दुसरा आरसा म्हणून बाथरूममधला काढून आणला, उशांच्या आधाराने कडेला कड लावून उभा केला. सांध्याकडे पाहिलं तर एक अनोळखी बाई. भांग उलटीकडे, भुवई उलटीकडची वर. इतकी वर्षं लोक हिच्याशी बोलताहेत हे आत्ता कळलं. पण डावा हात खरंच उजवीकडे आला! सांध्याची रेघ मात्र बरोबर नाकावरून जाते आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर दिसतो. हातापुरतं चालेल ना?

पावडरवाले दादा, 'घ्यायची आणि सोडायची' जमतंय. तोंडाचं तुम्ही म्हणालात ते करून पाहिलं. ओठ मिटत आणले तर चेहरा खरोखर घाबरल्यासारखा दिसतो, आ केला की दाढदुखीची जाहिरात. टोप नको, माझेच केस पुरेसे पिंजारलेले आहेत.

घोडबंदरवाले, सदरा स्वच्छ आहे हे मान्य. मी घरातला जुना कुडता घालणार आहे, त्यावर हळदीचे डाग आहेत.

आता नवीन अडचण, वाळण्याची. पार्श्वभूमी काळी करून घेतली, आयव्हरी ब्लॅकने. दुसरा आठवडा संपत आला, अजून बोटाला लागतं. बाहेर पाऊस थांबायला तयार नाही, आमची भिंत ओलीने फुगलीय. सासूबाई म्हणतात खोबरेल घालून बघ, त्यांच्या माहेरी देवघराच्या लाकडाला लावायचे. हसू नका, मला खरंच विचारायचंय की कोणतं तेल चालतं.

कळवा_कुंचला:

खोबरेल अजिबात नको! ते कधीच वाळत नाही. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं. हा गुण जवस, अक्रोड, खसखस अशा ठरावीक तेलांत आहे, खोबरेलात नाही. घातलंत तर पुढच्या गणपतीलाही चिकटच राहील.

मी कळव्याला खाडीच्या बाजूला राहते, म्हणजे ओलीबद्दल मला शिकवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये माझं असं चालतं:

खालच्या थरांत आयव्हरी ब्लॅक घेत नाही. तो सगळ्यांत सावकाश वाळणाऱ्यांपैकी. त्याऐवजी बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळते. काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग मिळतो, आणि अंबरमध्ये मँगनीज असतं, त्याने तेल लवकर घट्ट होतं. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर जास्त तेलाचे. उलटं केलं तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात. घाई असेल तर तेलाऐवजी अल्किड मीडियम, म्हणजे रंगात मिसळायचं लवकर वाळणारं द्रव्य, रात्रीत धरतं. वास येतो, खिडकी उघडी ठेवा.

कॅनव्हास बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. पंखा लावून खोलीच्या मध्ये ठेवा. आणि वाळेपर्यंत कपाटात बंद करू नका, अंधारात तेल पिवळं पडतं.

तुमचा आत्ताचा काळा थर: जाड लावला असेल तर पॅलेट नाइफने हलकेच खरवडून काढा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि अंबरने परत करा. त्यावर पांढरा चढवलात तर सगळा राखाडी चिखल होईल.

नेरूळचा पेन्शनर:

कळवाताईंच्या शब्दाबाहेर जाऊ नका. भर एवढीच की गडद जमिनीवरून, म्हणजे तळाच्या थरावरून, उजेडाकडे जाणं हीच कूर्बेची पद्धत होती, आणि पॅलेट नाइफ त्याचं लाडकं हत्यार. तेव्हा खरवडाखरवडीचा राग मानू नका. अंबरची जमीन वाळली की तिच्यावर उजेडाचे भाग आधी मांडा: कपाळ, नाकाचा शेंडा, बाहीची घडी, पंजाची पाठ. सावलीत जमीन तशीच उघडी सोडा. सगळीकडे रंग भरायची हौस सोडा, विशेषतः गळ्याखाली.

सांध्याची रेघ हातापुरती चालते. डोळे साध्या आरशातलेच ठेवा, काटकोनी आरशात कोन जरा हलला की चेहरा चिरतो. रेम्ब्रांटचं एक आहे, लंडनला केनवुडमध्ये, मागे दोन वर्तुळं असलेलं. त्याच्या क्ष-किरणात दिसतं की आधी ब्रश आरशातल्यासारखा उलट्या हातात काढला होता, मग बदलला. म्हणजे तो बाबाही हातांपाशीच अडला होता. कूर्बेच्या जवळपास पावणेदोनशे वर्षं आधी. तुम्ही बरोबर ठिकाणी अडलाय.

दिवा कुठला वापरताय? टॉवरने खिडकी खाल्ली म्हणालात.

चरईकरीण:

आज सुट्टी होती, अंबरची जमीन करून टाकली. आयव्हरी ब्लॅक खरवडताना नवऱ्याने बेसिनमध्ये पाहिलं आणि काही न बोलता बाहेर गेला.

दिवा म्हणजे टेबललॅम्प, पिवळा. चेहरा छान दिसतो त्यात, पण रंग कसले लागताहेत ते सकाळी कळतं.

खोपट_एक्सप्रेस:

मी अजूनही म्हणतो, एक फोटो काढून ठेवा, निदान आठवणीला.

नेरूळचा पेन्शनर:

पिवळा दिवा काढा. पांढरा घ्या, डब्यावर पाच हजार केल्व्हिनच्या आसपास लिहिलेला. आणि एक दिवा तुमच्यावर, दुसरा तसाच कॅनव्हासवर. पॅलेटही त्याच उजेडात. एकाच दिव्यात सगळं भागवायला गेलात तर एकतर तुम्ही अंधारात नाहीतर चित्र. चेहऱ्यावरचा दिवा डोक्याच्या वर आणि एका बाजूला, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत सावली पडेल. समोरून लावलात तर पासपोर्ट.

ट्यूबलाइट बंद करा तेव्हा. घरचे ओरडतील, ओरडू द्या.

कळवा_कुंचला:

आणि बाथरूमचा आरसा परत जागेवर लावा, घरात भांडणं होतील. काचवाल्याकडून दीड फुटाची एक पट्टी कापून आणा, फार पैसे पडत नाहीत. कडा घासून द्यायला सांगा, उशांवर उभी करणार असाल तर बोट कापेल.